वाचकांचे प्रश्न : पोर्टलचा साचा आपल्या मापाने

या वेळी खानदेशातून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. संस्थेचे, गटाचे किंवा वाचनालयाचे पोर्टल तयार टेम्प्लेटवर उभे राहिले; आता त्याचे रूप आणि मांडणी आपल्या गरजेप्रमाणे कशी बदलायची, असे वाचक विचारतात. मराठी विकिपीडियावर टेम्प्लेटला ‘साचा’ म्हणतात आणि तो शब्द मला फार नेमका वाटतो. घरातला सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. आत भरलेले पीठ तेच राहते, चकती बदलली की त्याच पिठाची जाड शेव पडते किंवा बारीक. पोर्टलमधील मजकूर म्हणजे पीठ आणि टेम्प्लेट म्हणजे चकती, एवढे भान ठेवले की पुढची बरीच उत्तरे आपोआप समजतात.

प्रश्न : आमच्या केळी उत्पादक गटाचे पोर्टल वर्डप्रेस या पोर्टल चालवणाऱ्या प्रणालीवर असून एका तयार थीमवर, म्हणजे टेम्प्लेटांच्या तयार संचावर, चालते. माझ्या मुलाने थीमच्या फाइली उघडून रंग बदलले, वरच्या पट्टीत गटाचे बोधचिन्ह बसवले आणि रोजच्या भावाचा तक्ता मुखपृष्ठावर आणला. महिन्यापूर्वी थीम अद्ययावत करण्याची सूचना आली म्हणून आम्ही बटण दाबले, तर सगळे बदल नाहीसे झाले. ते परत मिळतील का? पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे? शिवाय तक्ता मोबाइलवर धड दिसत नाही, त्याचेही सांगावे.
— एक शेतकरी वाचक, रावेर तालुका

उत्तर : दादा, तुमचा मजकूर, छायाचित्रे आणि भावाच्या जुन्या नोंदी सुरक्षित आहेत, कारण नोंदी डेटाबेसमध्ये असतात, छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि थीम अद्ययावत करताना या दोहोंना हात लागत नाही. गेले ते फक्त थीमच्या फाइलींमध्ये केलेले फेरफार. अद्ययावत करणे याचा अर्थ थीमचे जुने फोल्डर काढून तेथे नवे ठेवणे असा असल्यामुळे त्या फोल्डरमध्ये आपण जे काही हाताने लिहिले असेल ते पुसले जाणारच. यात मुलाचा दोष नाही. ज्या फाइली दुसऱ्याच्या मालकीच्या आहेत त्यांत आपले काम ठेवू नये, ही गोष्ट थीम बसवून देणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती, आणि ती बहुधा कोणीच सांगत नाही याचे मला वाईट वाटते.

गेलेले बदल परत मिळवण्याचा एक मार्ग आहे. तुमची सर्व्हरची जागा ज्यांच्याकडून घेतली आहे त्यांच्याकडे अद्ययावत करण्याच्या आधीच्या तारखेचा बॅकअप असल्यास त्यातून केवळ थीमचे फोल्डर मागून घ्या. ते थेट पोर्टलवर चढवू नका. ज्या आवृत्तीवर मुलाने काम केले होते त्या आवृत्तीची मूळ, कोरी प्रत मिळवून दोन्ही फोल्डर फाइलींची तुलना करणाऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये शेजारी ठेवा. ज्या ओळींत फरक दिसेल तेवढेच तुमचे काम. अशा ओळी पुष्कळदा वीस-पंचवीसच्या वर नसतात आणि त्या नव्या जागी नेणे हे एका दुपारचे काम आहे.

ती नवी जागा कोणती, हे तुमची थीम कोणत्या घडणीची आहे यावर ठरते. डॅशबोर्डच्या, म्हणजे पोर्टलच्या व्यवस्थापन-पानाच्या, ‘अपिअरन्स’ या मेनूखाली ‘एडिटर’ असा पर्याय दिसत असेल तर तुमच्याकडे ब्लॉक थीम, म्हणजे सुट्या तुकड्यांनी मांडणी करू देणारी थीम, आहे. ‘कस्टमाइझ’ दिसत असेल तर बहुधा जुन्या घडणीची.

जुन्या घडणीच्या थीमसाठी चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमच्या आधाराने चालणारी आपली छोटी थीम, करावी. थीमच्या फोल्डरशेजारी आपले एक वेगळे फोल्डर करायचे आणि त्यात ‘स्टाइल डॉट सीएसएस’ नावाची फाइल ठेवायची (सीएसएस म्हणजे पानाचे रूप ठरवणारी भाषा). तिच्या डोक्यावरील टिपेत आपल्या थीमचे नाव आणि ‘टेम्प्लेट’ या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव जसेच्या तसे लिहायचे. एवढ्यावर वर्डप्रेस ती चाइल्ड थीम म्हणून ओळखतो. यानंतर जी टेम्प्लेट फाइल तुमच्या फोल्डरमध्ये असेल ती वापरली जाते आणि जी नसेल ती मूळ थीममधून घेतली जाते. म्हणून वरची पट्टी बदलायची असेल तर फक्त ‘हेडर डॉट पीएचपी’ ही फाइल उचलून आपल्याकडे आणावी, अख्खी थीम नव्हे. ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’ या फाइलचा नियम मात्र निराळा आहे. ती मूळ फाइलची जागा घेत नाही. दोन्ही चालतात आणि तुमची आधी चालते. त्यामुळे मूळ फाइलमधला सगळा कोड तिच्यात उतरवून ठेवला तर एकाच नावाची कार्ये, म्हणजे फंक्शन्स, दोनदा जाहीर होऊन पोर्टल बंद पडते. तिच्यात केवळ आपल्या नव्या ओळी लिहाव्यात. चाइल्ड थीम चालू केल्यावर बोधचिन्ह आणि कधीकधी मेनूच्या जागा पुन्हा निवडाव्या लागतात, कारण कस्टमाइझमधील निवडी प्रत्येक थीमच्या नावे स्वतंत्र साठवलेल्या असतात. तेव्हा घाबरून जाऊ नये.

ब्लॉक थीम असेल तर काम बरेच हलके होते. वर्डप्रेसच्या ५.९ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून, संपूर्ण पोर्टलची मांडणी एडिटरमध्येच बदलता येते आणि तेथे केलेले बदल फाइलींमध्ये न जाता डेटाबेसमध्ये साठवले जातात, त्यामुळे थीम अद्ययावत केली तरी ते टिकतात. मात्र ते त्याच थीमशी बांधलेले असतात. उद्या दुसरी थीम चालू केलीत तर ते तिच्यावर लागू होणार नाहीत. म्हणून एडिटरच्या मेनूतील निर्यातीच्या पर्यायाने थीमची प्रत आपल्या बदलांसह उतरवून एका पेन ड्राइव्हवर ठेवावी.

आता तक्ता. मागच्या उन्हाळ्यात भुसावळजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभा असताना मी त्यांना मोबाइलवर असाच एक भावतक्ता पाहताना बघितले. पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांत आकडे होते. त्यांनी आधी मोबाइलवर हाताची सावली धरली, मग टोपी धरली, आणि शेवटी व्यापाऱ्याला फोन लावून भाव विचारला. ज्या कामासाठी ते पोर्टल काढले होते ते काम तेथे फोननेच केले. टेम्प्लेट निवडणारा माणूस कार्यालयात पंख्याखाली बसून रंग पसंत करतो आणि वाचणारा माणूस वैशाखाच्या उन्हात उभा असतो, हे अंतर ध्यानात घेतल्याशिवाय रंगाचा निर्णय करू नये.

वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांनुसार साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेत किमान ४.५ ला १ इतके गुणोत्तर हवे. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालते. केळीचा म्हणून अनेक गटांना पिवळा रंग प्रिय असतो, परंतु शुद्ध पिवळ्या अक्षरांचे पांढऱ्यावरील गुणोत्तर जेमतेम १.०७ ला १ भरते, म्हणजे ती अक्षरे जवळजवळ नसल्यासारखीच. सीएसएसमध्ये ‘डार्कग्रीन’ नावाने मिळणारा गडद हिरवा पांढऱ्यावर ७ ला १ च्या पुढे जातो. आकडे त्या हिरव्यात किंवा सरळ काळ्यात ठेवा आणि पिवळा हवाच असेल तर तो वरच्या पट्टीच्या पार्श्वभूमीला द्या, त्यावर काळी अक्षरे छान उठतात.

मांडणीबाबत माझे मत असे की मोबाइलवर सगळा तक्ता दाखवण्याचा हट्ट सोडावा. तारीख, केळीचे नवती, पिलबाग, वापसी हे प्रकार, फरक अशा सगळ्या रकान्यांचा महिनाभराचा तक्ता जेमतेम ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर कोंबला की अक्षरे मुंगीएवढी होतात. सकाळी कापणीचा निर्णय करणाऱ्याला आजचा आणि कालचा भाव पुरतो. तेवढा मुखपृष्ठाच्या अगदी वर, मोठ्या अंकांत, तारखेसह द्यावा. महिन्याचा तक्ता वेगळ्या पानावर ठेवून त्याला आडवे सरकवण्याची सोय द्यावी आणि तारखेचा पहिला रकाना सीएसएसच्या ‘पोझिशन स्टिकी’ या गुणधर्माने जागीच खिळवावा, म्हणजे आकडे सरकवताना कोणता भाव कोणत्या दिवसाचा हे सुटत नाही. त्या पानासाठी स्वतंत्र टेम्प्लेट करणे सोपे आहे. जुन्या घडणीच्या थीममध्ये वर्डप्रेस एखादे पान दाखवताना आधी त्या पानाच्या पत्त्यातील नावाची टेम्प्लेट फाइल शोधतो, नंतर त्याच्या क्रमांकाची, नंतर सर्व पानांसाठीची ‘पेज डॉट पीएचपी’ आणि काहीच सापडले नाही तर सर्वांत शेवटी ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ उघडतो. हा क्रम मुलाने एकदा कागदावर काढून भिंतीवर लावावा. कोणती फाइल बदलायची हे ठरवण्यात जो वेळ जातो त्यातला मोठा भाग वाचेल.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या पोर्टलवर पुस्तकांची सूची, कार्यक्रमांची वृत्ते आणि सभासद भगिनींनी गोळा केलेली कानबाई या खानदेशी देवीची अहिराणी गाणी आहेत. नवे टेम्प्लेट लावल्यापासून वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, शीर्षकांतील अक्षरे सुटी सुटी दिसतात, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, गाण्यांच्या ओळी एकमेकींना चिकटतात आणि काही जुनी पाने तर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी झाली आहेत. टेम्प्लेट सदोष आहे काय?
— ग्रंथपाल, अमळनेर

उत्तर : ताई, टेम्प्लेट सदोष नाही, ते रोमन लिपी समोर ठेवून केलेले आहे. बाजारातील बहुतेक टेम्प्लेटांचे माप तसेच असते आणि देवनागरीला ते तोकडे पडते. रोमन अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी फारसे काही नसते. आपल्याकडे ‘र्की’सारख्या एका अक्षरावर रफार आणि वेलांटी दोन्ही चढतात, तर ‘दृष्टी’तल्या ‘दृ’च्या पायाशी ऋकार लोंबतो. टेम्प्लेटमध्ये ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ठरवलेली असली की वरचे आणि खालचे हे अवयव कापले जातात किंवा शेजारच्या ओळीवर चढतात. मजकुराला ती १.७ च्या आसपास आणि शीर्षकांना १.४ ठेवून पाहा. त्याचबरोबर अक्षराचा आकारही एखाद-दोन पिक्सेलने वाढवा, कारण सारख्याच मापात देवनागरी रोमनपेक्षा लहान भासते.

शीर्षकांतील अक्षरे सुटण्याचे कारण निराळे आहे. इंग्रजी शीर्षके ऐसपैस दिसावीत म्हणून टेम्प्लेटमध्ये अक्षरांतील अंतर वाढवणारा ‘लेटर स्पेसिंग’ हा गुणधर्म वापरलेला असतो. रोमनमध्ये अक्षरे मुळातच सुटी असल्याने ते खपून जाते. देवनागरीत मात्र त्याने शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा तुटलेला शब्द मला उसवलेल्या शिवणीसारखा दिसतो. सीएसएसमध्ये शीर्षकांसाठी हे अंतर ‘नॉर्मल’ करा. ठळक अक्षरे डाग पडल्यासारखी दिसत असतील तर निवडलेल्या फॉन्टमध्ये ठळक वळण नाही आणि ब्राउझर साधेच अक्षर कृत्रिमपणे जाड करत आहे, असे समजावे. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ यांत बारीकपासून जाडपर्यंत अनेक वजने आहेत आणि दोन्ही विनामूल्य आहेत. ‘तिरो देवनागरी मराठी’चे वळण पुस्तकी मजकुराला अतिशय शोभते आणि त्याचे ‘ल’ व ‘श’ मुळातच मराठी वळणाचे आहेत, परंतु त्यात ठळक वजन नाही, हे लक्षात ठेवूनच तो घ्यावा.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाबद्दल तुम्ही विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण बहुतेक जण ते सोसून घेतात. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतात मराठी आणि हिंदी ‘ल’ला एकच क्रमांक आहे, कोणते वळण दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात तो पानाची भाषा कोणती घोषित केली आहे ते पाहून योग्य वळण निवडतो. तुमच्या टेम्प्लेटच्या सुरुवातीच्या एका ओळीत ‘लँग’ या गुणधर्मापुढे इंग्रजीचा ‘ईएन’ लिहिलेला राहिला असण्याची शक्यता मोठी आहे. तेथे मराठीचा ‘एमआर’ यायला हवा. वर्डप्रेस असेल तर सेटिंगमध्ये पोर्टलची भाषा मराठी निवडल्यावर ही ओळ आपोआप बदलते. ज्यांना डॅशबोर्ड इंग्रजीतच सोयीचा वाटतो त्यांना आपल्या प्रोफाइलमध्ये तो तसा ठेवता येतो. या एका बदलाने दृष्टिहीन वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामलाही मराठी उच्चार निवडण्याची खूण मिळते.

गाण्यांच्या ओळी चिकटतात, कारण एचटीएमएल ही पानाची रचना लिहिण्याची भाषा मजकुरातला ओळीचा शेवट मानत नाही, तिला तो फक्त मोकळी जागा वाटतो. प्रत्येक ओळीनंतर हाताने खूण घालत बसू नका. गाण्यांसाठी नोंदींचा स्वतंत्र प्रकार आणि त्याचे स्वतंत्र टेम्प्लेट करून घ्या आणि त्यातील मजकुराला ‘व्हाइट स्पेस’ या गुणधर्माचे ‘प्री-लाइन’ हे मूल्य द्या, म्हणजे वहीत जशा ओळी तशाच पडद्यावर राहतील. त्याच टेम्प्लेटमध्ये गाव, गाणे सांगणाऱ्या बाईंनी दिलेला पाठ आणि अवघड अहिराणी शब्दांचे अर्थ यांच्यासाठी ठरलेल्या जागा ठेवल्यात तर पुढे शंभर गाणी झाली तरी सगळी एका शिस्तीत लागतील. नावे छापण्यापूर्वी त्या बायांची संमती अवश्य घ्यावी. जी गाणी आज फक्त काही घरांतल्या ओठांवर आहेत ती तुम्ही जपत आहात, तेव्हा त्यांच्या पानावर सर्वांत जास्त कष्ट घ्या. कार्यक्रमांची वृत्ते थोडी साधी दिसली तरी चालेल.

खिचडी झालेली जुनी पाने युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. त्यात प्रत्यक्षात रोमन चिन्हे साठवलेली असून विशिष्ट फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकारांचा मुखवटा चढवतो. टेम्प्लेटने फॉन्ट बदलताच मुखवटा उतरला. जुना फॉन्ट परत लावून ती पाने झाकू नका, कारण शोधयंत्राला तो मजकूर तेव्हाही वाचता येत नव्हता. त्या त्या फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरे, ऱ्हस्व वेलांटी, तसेच ‘सोऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्या’ डोळ्यांखालून घाला. परिवर्तक हमखास तेथेच चुकतो.

प्रश्न : एका परिचिताने महागडी सशुल्क थीम फुकट उतरवून दिली आहे. वापरावी का?
— एक व्यावसायिक, भुसावळ

उत्तर : वापरू नये. अशा प्रतींमध्ये परवान्याची तपासणी काढून टाकण्यासाठी कोणीतरी कोडमध्ये हात घातलेला असतो आणि तोच हात पुष्कळदा आत लपलेले दुवे किंवा चोरवाट ठेवून जातो. मूळ कर्त्याकडून सुरक्षेच्या दुरुस्त्याही तुम्हाला मिळणार नाहीत. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात तपासून घेतलेल्या विनामूल्य थीम भरपूर आहेत, त्यांतली एखादी साधी थीम घ्यावी आणि ती फुकट मिळालेली फाइल संगणकावरून काढून टाकावी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचे पोर्टल जूमला या वर्डप्रेससारख्याच प्रणालीवर आहे. लेखाच्या पानावरून लेखकाचे नाव आणि वाचनसंख्या काढायची आहे आणि परीक्षेच्या सूचनांची चौकट उजवीकडे आणायची आहे. चौकट कोणत्या जागी टाकावी हेच कळत नाही.
— संगणकशास्त्राचा विद्यार्थी, धुळे

उत्तर : यातील पहिल्या कामाला टेम्प्लेटला हात लावण्याची गरजच नाही. लेखांच्या सर्वसाधारण पर्यायांत लेखक आणि वाचनसंख्या लपवण्याची सोय आहे. आधी सेटिंग, ते पुरले नाही तर सीएसएस, आणि तेही पुरले नाही तरच टेम्प्लेट, या क्रमाने जाण्याची सवय आताच लावून घ्यावी.

जागांसाठी टेम्प्लेटच्या पर्यायांत मॉड्यूलच्या, म्हणजे अशा चौकटींच्या, जागा दाखवण्याची परवानगी चालू करा आणि मुखपृष्ठाच्या पत्त्यामागे प्रश्नचिन्ह देऊन ‘टीपी बरोबर १’ असे रोमन अक्षरांत जोडा. प्रत्येक जागेभोवती चौकट आणि तिचे नाव दिसेल. जूमला ४ पासून मिळणाऱ्या ‘कॅसिओपिया’ या टेम्प्लेटमध्ये तुम्हाला हवी ती जागा ‘साइडबार-राइट’ ही आहे. काम झाल्यावर ती परवानगी बंद करावी.

पुढे कधी लेखाची मांडणीच बदलायची झाली तर ओव्हरराइड, म्हणजे मूळ फाइलऐवजी आपली प्रत वापरण्याची सोय, वापरा. टेम्प्लेटच्या तपशीलपानावर त्यासाठी स्वतंत्र टॅब आहे. तेथे हव्या त्या घटकावर टिचकी मारली की मूळ फाइलची प्रत टेम्प्लेटच्या ‘एचटीएमएल’ या फोल्डरमध्ये येते आणि त्यानंतर जूमला तीच प्रत वापरतो. मूळ फाइल नव्या आवृत्तीत बदलली तर जूमला ४ आणि त्यापुढील आवृत्त्या तशी सूचनाही देतात. ती सूचना दुर्लक्षू नये, कारण मूळ फाइलमध्ये झालेली सुरक्षेची दुरुस्ती तुमच्या प्रतीत आपोआप उतरत नाही. तुमचे पोर्टल अजून जूमला ३ वर असल्यास रूप बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. त्या आवृत्तीचा आधार ऑगस्ट २०२३ मध्ये संपला असून आधी नव्या आवृत्तीवर जाणे हे प्राचार्यांच्या कानावर घालायलाच हवे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या आश्रमशाळा धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत आहेत. पोर्टलच्या मुखपृष्ठावर मोठी सरकती छायाचित्रे आहेत. नंदुरबारच्या कार्यालयात ते सुरेख दिसते, पण पाड्यावरच्या पालकांकडे उघडतच नाही. हे टेम्प्लेट काढून टाकावे का?
— एक शिक्षक, नंदुरबार

उत्तर : गुरुजी, टेम्प्लेट राहू द्या, सरकती छायाचित्रे काढा. मोबाइलने काढलेला फोटो पुष्कळदा ४००० पिक्सेल रुंद आणि काही मेगाबाइट वजनाचा असतो, आणि तुमच्याकडे तसे पाच-सहा फोटो एका मागोमाग उतरत असतील. शिवाय त्यांना सरकवणारा जावास्क्रिप्टचा कोड वेगळा. सातपुड्याच्या उतारावर जेथे नेटवर्कची एखादी दांडी येते-जाते तेथे हे पान उघडण्याआधीच पालक मोबाइल खिशात ठेवतो. त्याला शाळेला सुट्टी कधी लागते, प्रवेशाला कोणते दाखले लागतात आणि अधीक्षकांचा दूरध्वनी क्रमांक कोणता, एवढेच हवे असते.

मुखपृष्ठाच्या टेम्प्लेटमध्ये त्या तीन गोष्टी सर्वांत वर साध्या मजकुरात ठेवा. एकच छायाचित्र ठेवायचे तर ते १००० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून वेबपी या हलक्या वजनाच्या चित्रप्रकारात साठवा, वर्डप्रेस ५.८ पासून, म्हणजे जुलै २०२१ पासून, तो प्रकार स्वीकारतो. बाकीची छायाचित्रे वेगळ्या पानावर न्या. फॉन्टच्या दोन वजनांच्या वर घेऊ नका आणि फॉन्ट येईपर्यंत मोबाइलमधील देवनागरीत मजकूर दिसत राहावा म्हणून सीएसएसमध्ये ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ हे मूल्य द्या. दूरध्वनी क्रमांक चित्रात न लिहिता दुवा म्हणून द्या, म्हणजे बोट लावताच फोन लागेल. एवढे झाल्यावर कार्यालयातील वायफायवर तपासू नका. पुढच्या खेपेला धडगावला जाल तेव्हा तेथल्या एखाद्या पालकाच्याच मोबाइलवर पान उघडून पाहा आणि उघडायला किती वेळ लागला ते आम्हाला कळवा.